हॉलिसची बोट

बोटीची बातमी काशीरामने आणली. मढच्या एका बंगल्यात विजेचं काम करून तो परतत होता. मार्व्याच्या किनाऱ्यावर, झावळ्यांनी शाकारलेल्या एका शेडमध्ये त्याला ती दिसली. लालसर लाकडाची, व्हार्निशने चकाकणारी, नाक उचलून बसलेली. माळ्याला विचारलं तर तो म्हणाला, साहेब विलायतेला परत चाललाय, बोट विकायची आहे.

त्याच संध्याकाळी काशीराम घाटकोपरला जयवंतच्या गॅरेजवर आला.

"जया, शर्यतीची बोट आहे रे. अख्खी मुंबई धुंडाळलीस तरी अशी मिळायची नाही."

जयवंत एका हिलमन गाडीच्या बॉनेटखाली वाकला होता. तो तसाच वाकून राहिला, पण हातातला पाना थांबला.

"इंजिन कसलं?"

"ते तू बघ. मी पडलो सिग्नलवाला. रविवारी चल."

जयवंत पारकर आणि काशीराम मुणगेकर दोघेही देवगडकडचे. लढाईच्या दिवसांत एकाच सुमाराला नौदलात भरती झाले आणि एकाच छोट्या जहाजावर गेले. जयवंत इंजिनखोलीत, काशीराम वर निशाणं दाखवायला. शेहेचाळीसच्या फेब्रुवारीत खलाशांनी काम बंद केलं, तेव्हा त्यांच्या जहाजावरचा युनियन जॅक काशीरामने उतरवला आणि जयवंत इंजिनखोलीला आतून कडी घालून बसला. थोडेच दिवस चाललं ते. मग शरण जायचा निरोप आला. गोदीच्या धक्क्यावर त्यांना डोक्यावर हात ठेवून रांगेत उकिडवं बसवलं आणि त्यांच्याच जहाजावरचा हॉलिस नावाचा लेफ्टनंट छडी घेऊन रांगेपुढून फिरला. हा. हा. आणि तो. छडी ज्यांच्याकडे वळली ते लॉरीत चढले. लॉरी गेली मुलुंडच्या कॅम्पात.

तिथून सुटले ते नोकरी गमावूनच. पुढच्या वर्षी स्वराज्य आलं. दोघांना वाटलं, आता तरी आपल्याला बोलावतील. कोणी बोलावलं नाही. सरकारी नोकरीचं दार तर बंदच झालं होतं. जयवंतला सासऱ्यांनी हात दिला आणि घाटकोपरला गॅरेज निघालं. ते चांगलं चाललंही. काशीराम एका खाजगी कंत्राटदाराकडे वायरमन म्हणून लागला. बायको आणि दोन मुलींसह दहिसरला चाळीत राहायचा आणि दिवसभर खांबांवर चढायचा. तो मुलुंडच्या कॅम्पाची गोष्ट मुलींना रंगवून सांगायचा. जयवंत त्यातलं अक्षर बोलायचा नाही. मुलुंडहून गाडी बिघडल्याचा निरोप आला, तर तो मेस्त्रीला पाठवायचा. स्वतः कधी गेला नाही.

बोटीचं ऐकून जयवंतची बायको रत्नप्रभा म्हणाली, "समुद्राने एकदा हाकललंय ना तुम्हाला? पुन्हा त्याच्या दारात कशाला जायचं?"

"समुद्राने नाही हाकललं," जयवंत म्हणाला. "माणसांनी हाकललं."

रविवारी त्याने पांढराशुभ्र बुशशर्ट घातला, मनगटावर नवं घड्याळ बांधलं आणि काशीरामला शेजारी बसवून गाडी मालाडमार्गे मार्व्याला काढली. वाटेत तो चक्क शीळ घालत होता. काशीरामने त्याला किती वर्षांत असं पाहिलं नव्हतं.

बंगला बैठा होता, समोर लाल कौलांचा व्हरांडा. साहेब काठी टेकत, एका बाजूला कलत बाहेर आला. खाकी अर्धी चड्डी, सुटलेलं पोट, टाळूवरचे केस गेलेले. काशीराम वाळूत थबकला.

"मेल्या, ओळखलंस?"

"गप रव," जयवंत दात आवळून म्हणाला. साहेबाने कुत्र्याला हाक मारली तेव्हाच आवाजावरून त्याने ओळखलं होतं.

नऊ वर्षं त्याने या भेटीची तयारी केली होती. अंघोळ करताना, गाडी चालवताना, अंथरुणावर पडल्यापडल्या तो हॉलिसशी बोलायचा. काय म्हणायचं, कुठे थांबायचं, सगळं पाठ होतं. आणि आता हॉलिस हात पुढे करून समोर उभा होता.

"मिस्टर पारकर? मी हॉलिस. ऊन फार आहे नाही? तुमच्या ड्रायव्हरला मागच्या बाजूला चहा मिळेल."

"तो ड्रायव्हर नाही. माझा मित्र आहे."

"माफ करा," हॉलिस म्हणाला आणि त्याने काशीरामशीही हात मिळवला. दोघांच्याही तोंडाकडे त्याने नीट पाहिलं होतं. त्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

जयवंतने पाठ केलेलं सगळं वाया गेलं. ओळखच नसलेल्या माणसाला काय बोलणार?

बंगल्यावरच्या माणसांनी बोट ढकलत पाण्यात नेली. ओहोटी होती, खाडीत पाणी कमी, त्यामुळे जोरात पळवून बघण्यासारखं नव्हतं. संथपणे एक फेरी झाली. पण इंजिन सुरू झालं मात्र, जयवंतचे डोळे भरून आले. असा एकसारखा, घोगरा, भरदार आवाज त्याने लढाई संपल्यापासून ऐकला नव्हता. कान लावून त्याने इंजिनाची नस नि नस तपासली. कुठे खोट नव्हती.

परत आल्यावर हॉलिस काठीवर भार देऊन बोटीच्या कडेला उभा राहिला.

"आता खाली उतरून आतून बघून घ्या. मधल्या फळ्या निघतात. दोन पावसाळे ती शेडमध्ये पडून आहे. माझी पाठ गेली, मला वाकता येत नाही. तुमचं तुम्ही बघा."

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. शब्द सभ्य होते, पण आवाज तोच होता. इंजिनखोलीच्या तोंडाशी उभं राहून हा माणूस असंच म्हणायचा, खाली उतर आणि बघ. जयवंतने बोटीच्या पोटाकडे पाहिलं. तिथलं काही बघायचं तर उकिडवं बसायला हवं होतं. मान खाली घालून, डोकं फळ्यांखाली नेऊन. आणि वर हातात काठी घेऊन हॉलिस.

तेवढ्यात काशीराम बसलासुद्धा. एक फळी उचलून बाजूला ठेवली आणि बाही सरकवून आत हात घालू लागला.

"उठ," जयवंत म्हणाला.

"अरे, बघू दे ना. दोन मिनिटं."

"काशा, उठ म्हणतो ना!"

काशीरामने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग फळी होती तशी बसवली, हात पँटला पुसले आणि उठला.

"गरज नाही," जयवंत हॉलिसला म्हणाला. "मला बोटींतलं कळतं."

"नक्की?"

"नक्की."

हॉलिसने खांदे उडवले. व्हरांड्यात बसून जयवंतने चेक लिहिला. हॉलिसने लिंबाचं सरबत मागवलं, ते जयवंतने प्यायलं नाही. पावसाळ्यापर्यंत बोट इथेच शेडमध्ये राहू दे, असं ठरलं.

परतीच्या वाटेवर मालाड आलं तेव्हा काशीराम म्हणाला, "सांगितलं का नाहीस त्याला, आपण कोण ते?"

"सांगेन. आधी त्याच्या व्हरांड्यासमोरून ती बोट पळवेन. बघू दे त्याला. मग सांगेन."

"मला तर तो म्हातारा वाटला रे."

"आपण काय तरुण राहिलोय?"

"तसं नाय," काशीराम म्हणाला. "मनात आलं, एवढी वर्षं ह्याच्यावर रागावलो होतो आपण? ह्याच्यावर?"

गाडीचा वेग तेवढा वाढला.

पुढच्या रविवारी दोन्ही घरं मार्व्याला गेली. रत्नप्रभाने कोंबडी-वडे केले होते, काशीरामच्या वनमालाने भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी आणली होती. मुली वाळूत शंख वेचत होत्या आणि आधी कोण बसणार यावरून भांडत होत्या. भरती लागली होती. खाडीच्या तोंडाशी पाणी चांगलंच उचंबळत होतं.

"आधी आम्ही दोघं," जयवंत म्हणाला. "मग तुम्ही."

काशीराम इंजिनाच्या पेटीला पाय टेकून शेजारी बसला. बोट खाडीतून बाहेर पडली आणि जयवंतने इंजिन मोकळं सोडलं. नाक वर उचललं गेलं, मागे पाण्याची पांढरी भिंत उभी राहिली. काशीराम ओरडला, हसला, दोन्ही हात ताणून त्याने जुनी निशाणं करून दाखवली. किनाऱ्यावरून मुलींनी टाळ्या वाजवल्या. जयवंतने बोट वळवून हॉलिसच्या बंगल्यासमोर आणली. हॉलिस व्हरांड्यात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होता. बोट समोरून सुसाट गेली तेव्हा त्याने मान वर केली आणि हात हलवला. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही हलवावा तसा. मग पुन्हा वर्तमानपत्रात डोकं घातलं.

"चल, आता पोरींना घेऊया," काशीराम म्हणाला.

"थांब. आणखी एकदा."

"पाणी चढतंय जया. हळू घे."

जयवंतने ऐकलं नाही. मोठं वळण घेऊन तो पुन्हा आला, आता किनाऱ्याच्या अधिक जवळून, होता नव्हता तो सगळा जोर लावून. पुढून लाट आली. बोट तिच्यावरून उडाली आणि पलीकडे आपटली. खालून कडाड असा आवाज आला. झाड मोडतं तसा. इंजिन ज्या दोन लाकडांवर बसवलं होतं ती फुटली आणि ते अख्खं धूड जागेवरून सुटून बाजूला कोसळलं. काशीरामचा उजवा पाय त्याच्या आणि बोटीच्या भिंतीच्या मध्ये सापडला.

तळ फाटला होता. पाणी बघता बघता गुडघ्यापर्यंत आलं. काशीराम किंचाळत नव्हता, तोंड उघडं होतं पण आवाज निघत नव्हता. जयवंत लोखंडाला खांदा लावून रेटत होता आणि ते तसूभर हलत नव्हतं. भाटी गावच्या कोळ्यांचा एक मचवा जवळच होता. ते चौघे जण उड्या टाकून आले, वल्ह्यांची तरफ करून त्यांनी पाय सोडवला आणि काशीरामला किनाऱ्यावर आणलं.

पाठ दुखणारा हॉलिस तोवर कमरेइतक्या पाण्यात उतरला होता. त्याने स्वतःचा पट्टा काढला, काशीरामच्या मांडीला आवळून बांधला आणि माळ्याला ओरडून आपली गाडी मागवली. वनमाला नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन गाडीत बसली. जयवंत भिजलेल्या बुशशर्टात वाळूवर उभा होता. कोणीतरी काही सांगावं म्हणून थांबल्यासारखा. शेवटी रत्नप्रभाने त्याच्या हाताला धरून त्याला आपल्या गाडीकडे नेलं.

जीव वाचला. पट्टा बांधला नसता तर वाटेतच संपला असता, असं डॉक्टर म्हणाले. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

तीन-चार दिवसांनी ओहोटीच्या वेळी जयवंत एकटाच मार्व्याला गेला. कोळ्यांनी बोट ओढून चिखलात आणून टाकली होती. आता त्याला बसायला काही वाटलं नाही. चिखलात गुडघे टेकून त्याने आत हात घातला. इंजिनाखालची लाकडं वरून रंगवलेली, धडधाकट दिसणारी. बोटाने दाबलं तर चहात बुडवलेल्या बटरासारखी आत गेली. मुठीत धरून पिळलं तर काळं पाणी गळलं. हे बघायला शहाणपण लागत नव्हतं. नुसता हात घातला असता तरी कळलं असतं, त्याला काय किंवा काशीरामला काय.

तो तसाच, चिखलाने माखलेला, बंगल्याच्या पायऱ्या चढला. व्हरांड्यात खोकी भरून ठेवली होती. हॉलिस सामान बांधत होता.

"तुमचा मित्र कसा आहे?" त्याने आधी विचारलं.

"पाय कापला."

हॉलिस हळूच खुर्चीत बसला.

"तुम्हाला माहीत होतं," जयवंत म्हणाला. "बोट कुजलेली आहे हे माहीत असताना तुम्ही ती माझ्या गळ्यात मारलीत."

"माहीत नव्हतं. शंका होती. म्हणूनच म्हटलं, खाली बघा. तुम्ही बघून नको म्हणाला असतात तर मी बोट तिथेच जाळून टाकली असती." तो थांबला. "तुमचा मित्र बघत होता, मिस्टर पारकर. तुम्ही त्याला उठवलंत. मला त्या दिवसापासून कळत नाहीये. का उठवलंत?"

मग त्याने ते बोलायला सुरुवात केली. पाठ केलेलं काहीच आठवलं नाही, शब्द कसेही, तुटकतुटक आले.

"शेहेचाळीस साल. गोदीत. आम्हाला उकिडवं बसवलं होतं. तुम्ही छडी घेऊन फिरलात. माझ्याकडे दाखवलीत. माझ्या शेजारी तो होता. आम्हाला मुलुंडच्या कॅम्पात टाकलं. माझं सगळं गेलं. मी इंजिनखोलीत होतो. तुमच्या जहाजावर. तुमच्या!"

हॉलिस त्याच्याकडे निरखून पाहत राहिला. मनापासून आठवायचा प्रयत्न करत होता, हे दिसत होतं.

"पारकर," तो पुटपुटला. "इंजिनखोलीत. तो माउथ ऑर्गन वाजवायचा तो का?"

"नाही."

"मग... माफ करा. खूप जण होते. मला वरून हुकूम होता, अमुक इतकी माणसं काढून द्या. कोणी काय केलं ते मला कुठे माहीत? जे चेहरे ओळखीचे वाटले ते दाखवले. चांगलं काम करणाऱ्यांचेच चेहरे लक्षात राहतात." तो कसनुसा हसला. "मूर्खपणा होता सगळा. दोन्ही बाजूंनी."

जयवंत उभाच होता. पायाला लागलेला चिखल वाळून फरशीवर झडत होता.

"ऐका," हॉलिस म्हणाला. "माझ्या कंपनीचं चेंबूरला गोदाम आहे. तिथे टेबलावर बसून करायचं काम आहे. माल आला-गेला बघायचा, टेलिफोन घ्यायचा. मी जायच्या आत तुमच्या मित्राला तिथे लावून देतो. तो बरा होईपर्यंत जागा धरून ठेवतील. माझा एवढा शब्द चालतो."

"नको."

"तुमच्यासाठी नाही म्हणत मी. त्याच्यासाठी."

"तुमची भीक नको आम्हाला."

"हे तुम्ही त्याला विचारलंत?"

"विचारायला कशाला पाहिजे? आम्ही एका रांगेत बसलो होतो," जयवंत म्हणाला आणि पायऱ्या उतरून चालू लागला.

त्याला एकदम हलकं वाटलं. एवढ्या वर्षांनी का होईना, त्या माणसाला तोंडावर नाही म्हटलं होतं. गाडी त्याने घरी नेलीच नाही, थेट इस्पितळात घेतली. भेटायची वेळ होती. काशीराम उशीला टेकून बसला होता, चादर उजवीकडे अर्ध्यावरच सपाट झाली होती. वनमाला मोसंबी सोलत होती. जयवंतने स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. हॉलिसने काय विचारलं, आपण काय म्हटलं, तो कसा गप्प झाला. सांगताना आवाज चढत गेला, शेजारच्या खाटेवरचे लोकही ऐकू लागले.

"भीक नको म्हटलं. असं तोंडावर!"

काशीराम त्याच्याकडे बघत होता.

"कसली नोकरी म्हणालास?"

"गोदामात. चेंबूरला."

"बसून करायची?"

"हो. टेबलावर. पण ते..."

"आणि तू नको म्हटलंस."

"मग काय हो म्हणू? त्या माणसाला? काशा, त्याला तर आपली तोंडंसुद्धा आठवत नाहीत!"

वनमालाने मोसंबी ताटलीत ठेवली. ती कधी जयवंतसमोर मोठ्याने बोलली नव्हती.

"भावजी, तुमचं गॅरेज आहे. हे आता खांबावर कसे चढणार? पोरींच्या ताटात मी काय त्या रांगेची गोष्ट वाढू?"

"वहिनी, मी आहे ना. मी बघेन सगळं. काशाला माझ्या गॅरेजात घेतो, बसून राहू दे नुसता."

"नुसता बसून काय करू?" काशीराम म्हणाला. "तुझं तोंड बघू?"

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"त्या दिवशी फळी मी उचलली होती, जया. हात आत गेला होता. आणखी वीतभर जाऊ दिला असतास, बस्स. तू म्हणालास उठ, मी उठलो. झेंडापण तूच उतरवायला सांगितलास. त्याचं मला वाईट नाय वाटत, तो उतरवायलाच हवा होता. पण ह्यात माझं काय होतं? तुझा मान, तुझा राग, तुझी बोट. पाय माझा. आणि आता नोकरी माझी, तर नाही म्हणणारा पण तूच?"

जयवंतने स्टूल पुढे ओढलं.

"जा आता," काशीराम म्हणाला. "मला पडायचंय."

दुसऱ्या दिवशी वनमाला एकटी मार्व्याला गेली. इंग्रजी येत नव्हतं, मोडकं हिंदीही जेमतेम. पण ती हॉलिसच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहिली आणि साहेबाला जे समजायचं ते समजलं. जखम भरल्यावर काशीराम कुबडी घेऊन चेंबूरच्या गोदामात जाऊ लागला. काही दिवसांनी दहिसरची चाळ सोडून ते तिकडेच राहायला गेले.

जयवंत दोनदा त्यांच्याकडे जाऊन आला. पहिल्यांदा त्याने मुलींसाठी फ्रॉकचं कापड नेलं, दुसऱ्यांदा आंब्यांची करंडी. वनमालाने चहा केला, बशीत बिस्किटं दिली. मुली नमस्कार करून आत गेल्या. काशीरामने कामाचं सांगितलं, नव्या जागेतल्या पाण्याच्या वेळा सांगितल्या आणि निघताना म्हणाला, "या जयवंतराव, सवडीने या." जयवंत जिन्यात मधेच थांबला. देवगडच्या शाळेपासून त्याला या माणसाने कधी जयवंतराव म्हटलं नव्हतं. परत वर जावं असं वाटलं, पण काय बोलणार म्हणून गेला नाही. त्यानंतर तो चेंबूरला गेलाच नाही.

हॉलिस ऐन उन्हाळ्यात विलायतेला गेला. ते जयवंतला रत्नप्रभाकडून कळलं. तिचं आणि वनमालाचं अजून जाणंयेणं होतं. रविवारची दुपार होती, जयवंत जेवत होता, ती वाढत होती.

"काशीभावजी साहेबाला पोचवायला बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर गेले होते," ती म्हणाली. "हार घेऊन."

जयवंतचा हात ताटात थांबला.

"हार?"

"कंपनीतले सगळेच गेले होते म्हणे. पण हार भावजींनी घातला."

"काशाने आठवण दिली का त्याला? आम्ही कोण ते?"

रत्नप्रभाने आमटीची पळी भांड्यात ठेवली.

"द्यायला नाही लागली. साहेबच म्हणाला, तू तो झेंडा उतरवणारा ना? इस्पितळात तुला बघायला आलो तेव्हाच ओळखलं होतं मी. मग हसले दोघं. वनमाला म्हणत होती, इतके हसले की बाजूचे लोक बघायला लागले."

"माझा विषय निघाला?"

"नाही," ती म्हणाली. "मी विचारलं होतं."

जयवंत पुन्हा जेवू लागला. आणखी भात वाढू का, असं तिने विचारलं तेव्हा त्याने मान हलवली. हो की नाही ते तिला कळलं नाही, म्हणून तिने थोडा वाढला.